इम्तियाज कड्यावर अडकला तेव्हा

मागच्या डिसेंबरात मी आणि इम्तियाज पनवेलहून जाऊन प्रबळमाचीवर तंबू टाकून राहिलो होतो. इम्तियाज माझा शाळेपासूनचा दोस्त, कामोठ्यात क्लासमध्ये भूगोल शिकवतो. सकाळी माझ्याच हट्टाने आम्ही माचीमागच्या काळ्या कड्यावर चढलो. चढताना तो पुढे होता, पण उतरताना मध्येच थिजला. त्याच्या पायाखाली पाऊल मावेल एवढी एकच खाच होती आणि बाजूला दरी.

"पाय ठेव, मी आहे खाली," मी म्हणालो.

घाबरला की तो शिकवायला लागतो. "हे लाव्हाचे थर आहेत रे. मधला थर ठिसूळ असतो, कधीही निसटतो."

त्याने वरची कपार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात खालच्या पायवाटेने शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी माझ्याजवळ थांबली. "काय झालं त्याला?"

"मावशी, या दगडावर त्याचा भरवसा नाही."

इम्तियाज वरूनच म्हणाला, "मावशी, हा दगड एके काळी पातळ होता. उकळत वाहत होता."

तिने हातातली काठी उंच करून त्या खाचेवर दोनदा आपटून बघितली.

"आता घट हाय. ठेव पाय."

त्याने ठेवला.