रुपेशच्या आवाजावरचा इको

सौंसर-पांढुर्ण्याहून, रामाकोन्याहून आलेल्या मंडळीहो, रुपेशच्या आई सुमनकाकू, बँडचे पोरंहो. नमस्कार करतो. मले बोलता येत नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी माइक लावले. स्वतः माइकसमोर आज पहिल्यांदा उभा आहे, आणि तेही आपल्या रुपेशसाठी.

मी दिलीप. त्याच्या बँडचा साउंडवाला. रुपेशले जाऊन आज दहा दिवस झाले.

आतापर्यंत सगळे चांगलं बोलले. मी चांगलं बोलाले आलो नाही.

आठवते ना, आपल्या इकडे रॉक ऐकलं की म्हातारे विचारत, "हे कोणतं भजन होय?" रुपेश हसे. म्हणे, "जोरात म्हटलेलं होय, काकाजी." संत्र्याच्या रिकाम्या गोदामात आमची प्रॅक्टिस चाले. त्याचा आवाज पत्र्यावर आदळून परत ये. काय आवाज होता!

मग दोन वर्षांआधी तो आवाज बसला. महिना झाला, दोन महिने झाले, बसलेलाच. आम्ही काय केलं? खुश झालो! म्हटलं, आता खरा रॉकवाला आवाज लागला. डॉक्टरकडे चाल, असं कोणीच म्हटलं नाही. मीबी नाही. काकू जामसांवलीच्या हनुमानाले जाऊन नारळ फोडून आल्या. मी बटन फिरवत राहिलो.

कोणतं बटन? मिक्सरवर इकोचं बटन असते. ते वाढवलं की फाटलेला आवाजही भरल्यासारखा वाटते. जसा त्याचा आवाज फाटत गेला, तसा मी इको वाढवत गेलो. स्टेजवरून उतरला की तो विचारे, "दिल्या, कसा होता आवाज?" मी म्हणे, "एक नंबर." दर वेळी. एक नंबर.

नागपूरले दाखवलं तोवर गळ्यातली गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणे, ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागते. त्याच्या आदल्या आठवड्यात पांढुर्ण्याले प्रोग्राम होता. डॉक्टर नाही म्हणे, काकू नाही म्हणे. त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी साउंड चेकले माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "दिल्या, आज इको बंद ठेव. जसा आहे तसा ऐकू दे लोकांले. याच्यानंतर काहीच नाही."

मी हो म्हटलं. ऐका, मी हो म्हटलं होतं.

पहिल्याच गाण्यात आवाज दोनदा तुटला. समोरचे दोन पोरं हसले. फक्त दोन. मले सहन झालं नाही. हात बटनावर गेला, पूर्ण फिरवलं. टाळ्या पडल्या. रुपेशनं गाता गाता माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून सगळे गाणे म्हटले.

त्या दिवशी खाली उतरल्यावर त्यानं विचारलं नाही, कसा होता आवाज.

ऑपरेशननंतर सात महिने जगला. पाटीवर लिहून बोले. मी माफी मागितली. त्यानं पाटी पुसली, लिहिलं, "चहा थंडा होऊन राहिला." माफ केलं का? मले माहीत नाही. आता कोणाले विचारू?

तो गेल्यावर काकूंनी मले बोलावलं. म्हणे, "बापू, त्या दिवशी मी आली नव्हती. माह्यानं पाहवत नव्हतं. माह्या लेकराचा शेवटचा आवाज ऐकव. जसा होता तसा."

काकू, रेकॉर्डिंग आहे माझ्याजवळ. पण ती मिक्सरमधून घेतलेली, इकोसकट. तीन दिवस करून पाहिलं, त्याचा साधा आवाज वेगळा निघत नाही. तुमच्या लेकाचा शेवटचा आवाज मी झाकून टाकला, काकू.

मले धीर देऊ नका. तू तर भल्यासाठी केलं, असं कोणी म्हणू नका.

आता दोन मिनिटं उभे राहू. माइक चालू आहे, इको बंद आहे. कोणाले रडू आलं तर येऊ द्या, खोकला आला तर येऊ द्या. आज मी काही झाकणार नाही.