कोणाच्या मेंढ्याला?

…आणि वर हसतात ते मलाच! अहो, ह्या तोस्या गावातल्या निम्म्या लोकांना तुर्की व्याकरण मी शिकवलंय, विभक्त्या मला झोपेतून उठवून विचारा, व्याकरणात मी पक्का! तुम्हाला सांगतो, खोड आहे ती भाषेतच. तुझा मेंढा? कोचुन. त्याचा मेंढा? कोचु. इथवर कसं लख्ख! पण पुढे 'ला' जोडा… तुझ्या मेंढ्याला, कोचुनु. त्याच्या मेंढ्याला, तेही कोचुनु! ऐकणाऱ्यानं करायचं काय, कपाळ?

तर शुक्रवारी सकाळी मी दाढी करतोय, आणि मुझय्येन अक्का गच्चीवरून ओरडली, "अरे नेवझात, सातिल्मिश कोचुनु कापतोय!" आता सातिल्मिश म्हणजे शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त, पण माझा मेंढा, हातानं चारून वाढवलेला! धावलो! गालाला फेस, पायात अक्काच्या चपला, शिरलो त्याच्या अंगणात, सुरी हिसकावली, मेंढ्याच्या गळ्यात पडलो आणि चार पाहुण्यांदेखत गरजलो, "चोरा! माझ्या मेंढ्याला हात लावतोस?"

सातिल्मिश म्हणाला, "मास्तरा, हा माझाय. तुझा तो बघ, कुंपणापलीकडे."

होता हो! रवंथ करत! पण नियमानं दोन्ही अर्थ बरोबर की नाही? व्याकरणात मी पक्का!

संध्याकाळी तीच मंडळी आमच्या दारात. वाटलं, आले भांडायला. तर सातिल्मिश टोपी चुरगाळत म्हणतो, "झालं गेलं विसर, लेका. आमचा हा पोरगा, तुरगुत, किझिनी मागतोय." किझ म्हणजे मुलगी, म्हणजे किझिनी… तुझ्या मुलीला, नाहीतर त्याच्या मुलीला! पुन्हा तेच शेपूट! मी काय एका दिवसात दोनदा फसतो? ठणकावून विचारलं, "कोणाच्या मुलीला?"

सगळे गार! तुरगुत पांढराफटक. दाराआड कॉफीचा ट्रे घेऊन आमची बेल्किस उभी, तिचे डोळे भरले. तिला वाटलं, बाप नकार देतोय!

अक्का कडाडली, "अरे शहाण्या, तुझ्या! तुरगुतचं अजून लग्न नाही, त्याला कुठली मुलगी?"

"मग आधी 'तुझ्या' म्हणायला जीभ झिजते?… दिली! माझी मुलगी, तुझ्या मुलाला, सगळे प्रत्यय लावून दिली!"

मग कॉफी आली. आमच्यात मुलगी गमतीनं मीठ घालते ते नवऱ्यामुलाच्या कपात. तुरगुत तर मिटक्या मारत होता. मी घोट घेतला… समुद्र!

बेल्किस म्हणते, "बाबा, कोणाच्या कपात ते कोणी स्पष्ट सांगितलंच नाही."

प्यालो.