विमानाच्या सांध्यात कापूस

...आणि वर परत मलाच विचारतात, "काय गोमा, उडालं का नाय?" अहो, पयलं एक बांधून तर बघा! तुमाला सांगतो, अख्ख्या सातपाटीत दर्यात गेल्यावर वांती होणारा कोळी मी एकटाच. एकटाच! होडी बंदरातून सुटली रे सुटली की मी कडेला ओणवा... औषधं झाली, नवस झाले, काय बंद होत नाय. बाबा म्हणाला, जाऊ दे, तू होड्या बांध. बांधल्या. पण बाबा गेला आणि मोठा भाऊ दामू, आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, शिमग्याला म्हणतो, "गोमा, एक मानूस कमी पडतोय. नारळी पुनवेपासून तू होडीवर." मी घाबरून काय बोललो असेन? "दादा, मी विमान बांधतोय!" गेलं तोंडातून! दामू पोट धरून हसला. "बांध. पुनवेला उडालं तर तुला दर्या माफ. नाय उडालं तर गुमान जाळ्याला हात लाव."

झालं! आता विमान आलं की नाय अंगावर? नकाशा मिळाला एका इंग्रजी मासिकात, उमरोळीच्या मास्तरांनी वाचून दिला. पण विमान पत्र्याचं आणि मी जन्माचा सुतार! मग गाठला खंडेराव. तारापूरला ते विजेचं एवढं थोरलं काम चाललंय ना, तिथला फिटर, साताऱ्याकडचा, मिशा ह्या एवढ्या. पयल्याच दिवशी मी अल्युमिनियमच्या पत्र्यावर रंधा ठेवला... रंधा हो! सवय! खंडेरावानं कपाळ बडवलं, "गोमा, लेका, पत्रा म्हंजे लाकूड न्हवं!"

दुसऱ्या दिवशी वाकवला, तर तडकला. "लाकूड न्हवं, गोमा!" मग त्यानं शिकवलं. पत्र्याला अंगाचा साबण चोळायचा, खालून आच द्यायची, साबण काळा पडला की थांबायचं... पत्रा मऊ! वाकव तिकडं वाकतो! तुमाला सांगतो, मी असा खूश झालो, दिसेल त्या पत्र्याला साबण! जमना, माझी बायको, ओरडतेय, "अवो, पोरं पारोशी बसलीत नि तुमी विमानाला आंघोळ घालताय!"

मग रिवेट. बाहेरून एकानं ठोकायचं, आतून दुसऱ्यानं जड काहीतरी दाबून धरायचं. शेपटीत मावणार कोण? जमना! हातात वरवंटा! मी बाहेरून ठण् ठण्, ती आतून, "हळू, हळू! माजी बोटं हायत हितं!" "घट्ट धर!" "आता मला नि वरवंट्याला सोडा, मसाला वाटायचा ऱ्हायलाय!" शेजारची नवसी दारात, "जमना कुटं गेली?" काय सांगू? म्हटलं, "विमानात हाय."

पण हात बसला हो! हजारभर ठोकल्या आणि रिवेटची डोकी अशी गोल, अशी साफ यायला लागली, मी अंगणात नाचलो. खरंच नाचलो! आणि तिथंच माती खाल्ली... नकाशात रिवेट एकेक इंचावर. मधे फट. आता फट दिसल्यावर आमचा हात गप बसेल? बाबानं शिकवलंय, फटीतून दर्या आत येतो! मी मधे एकेक जास्त ठोकली. तरी जिवाला चैन नाय. मग खंडेराव ड्युटीवर गेला की होडीला करतो तशी कापसाची वात वळायची, राळ-तेलात बुडवायची आणि सांध्यात ठासायची. अख्ख्या विमानाला! वरून राळेचे दोन हात. पुनवेच्या आदल्या दिवशी खंडेराव शेपटी उचलायला गेला. उचलेना.

"काय भरलंयस रं?"

"कापूस."

"आभाळात पानी कुठलं, गोमा?"

"पाऊस नाय पडत?"

तो मटकन खालीच बसला. "पत्रा म्हंजे..." म्हटलं, "लाकूड नाय, म्हाईत हाय!" पण आता उपसायला वेळ कुठला?

पुनवेला बैलगाडीतून विमान आमच्या शेजारच्या माहीमच्या वाळूवर. सकाळची ओहोटी, नारळ फोडला, गाव लोटलंय. मोटारसायकलचं इंजिन, फटफटफटफट... पळतंय! पळतंय! वर जायचं नाव नाय! वाळू संपत आली, खंडेराव मागून धावतोय, "गोमा, थांबीव!" कशानं थांबवू? होडीला कधी ब्रेक असतो? बसवलाच नव्हता! धप्प! दर्यात! किनाऱ्यावर बायांनी हंबरडा फोडला, जमनाचा सगळ्यात वरचा.

डोळे मिटले. उघडले... तरंगतंय हो! आत एक थेंब नाय! पंखा फिरतोय, विमान लाटा कापत चाललंय, किनाऱ्यावरून खंडेराव उड्या मारतोय, "गोमा, पत्रा म्हंजे लाकूडच निघालं की रं!" मी आनंदानं किंचाळलो, आणि मग... ओणवा झालो.

दामू होडी घेऊन आला. सांध्यांवरून हात फिरवला. परत फिरवला. डोळ्यांत पाणी. "बाबाचा हात हाय हा, गोमा." मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, आता म्हणेल, जा, तुला माफ. तर नाक पुसून म्हणतो कसा, "पंख काप. अशी होडी बंदरात नाय. हिचा तांडेल तू!"

तांडेल! दर्यात वांती होणारा तांडेल! उद्या भरतीला निघायचंय. जमनानं फडक्यात बांधून पण दिलंय... भाकर नाय हो, भाकर पोटात ऱ्हाणार हाय काय? सहा लिंबं.