कॉलरखालचं नाव

माई : गणपतीत आलेलं पत्र ते. आता संक्रांत आली. पोरगा विचारतोय, घर विकून दोघं कायमचे हॉलंडला येताय का, हो की नाही. एका शब्दाचं उत्तर, तेही तुमच्याच्यानं झालं नाही.

श्रीनाथ : चारदा लिहायला घेतलं.

माई : मग?

श्रीनाथ : मजकूर बरा वाटेना.

माई : जन्मभर शाळेची लायब्ररी सांभाळली, आणि मुलाला चार ओळी लिहायला मजकूर सुचत नाही. फोनवर ‘बरं’ म्हणता आणि फोन माझ्या हातात देता, म्हणून बिचाऱ्याला पत्र लिहावं लागलं. मागे त्याच्याकडे गेलो होतो तेव्हाच्या त्या जॅकेटवरून अडून बसलायत तुम्ही, मला काय कळत नाही?

श्रीनाथ : जॅकेटवरून नाही.

माई : मग कशावरून? अहो, तिथली माणसं ताडामाडाएवढी. मोठ्यांच्या दुकानात तुमच्या मापाचं मिळेना, त्याला आपल्या अनिमेषनं काय करायचं? दुकानं पालथी घातली त्यानं. कोटाची बाही बोटांच्या खाली, पँटचा खिसा गुडघ्याशी. शेवटी लहान मुलांच्या विभागात जे बसलं ते घेतलं. मी नाही घातले तिथले मुलांचे बूट? टाच टेकली की दिवा लागायचा. मला तर गंमत वाटली.

श्रीनाथ : तुला वाटली. सुश्रुतच्या वर्गातल्या एका मुलाचं अगदी तसंच जॅकेट होतं.

माई : असेना का. नातवाच्या वर्गात बसायचं होतं तुम्हाला?

श्रीनाथ : आत कॉलरखाली कापडी पट्टी होती. मुलाचं नाव लिहायला. सूनबाईंनी त्यावर माझं नाव लिहिलं आणि खाली अनिमेषचा नंबर.

माई : अपूर्वानं काळजीनं लिहिलं ते. परका मुलूख.

श्रीनाथ : इंग्रजी येतं मला. तिथे सगळ्यांनाच येतं.

माई : येतं हो. तोंड उघडाल तर ना.

श्रीनाथ : पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभा होतो. काचेतून नावं वाचत होतो. एक बाई जवळ आली, म्हणाली, रस्ता चुकलात का? मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिच्या घरी तसलं जॅकेट असावं. तिनं माझी कॉलर उलटली, माई. नंबर वाचला, फोन लावला आणि अनिमेष येईपर्यंत माझा हात धरून उभी राहिली.

माई : भली बाई होती.

श्रीनाथ : भली होती, म्हणून हात सोडवता येईना. अनिमेष ऑफिसातून धावत आला. हसला आणि तिला म्हणाला, दोन मुलं आहेत मला, हे तिसरं.

माई : चेष्टेत म्हणाला तो.

श्रीनाथ : रात्री जेवताना पुन्हा सांगितलं त्यानं. तूही हसलीस.

माई : हसले. टेबलाभोवती सगळी हसत होती. तुमच्यासारखं ताटात बघत बसायचं होतं का मी? इथे या घरात शेवटचं कोण कधी हसलं, सांगा बरं.

श्रीनाथ : तुझं बरोबर असेल.

माई : हे असं. ‘तुझं बरोबर असेल’ म्हणायचं आणि पुस्तकात तोंड खुपसायचं. पंढरी टेलरकडे कोट शिवू तुम्हाला. भिवंडीत राहतो आपण, दारावरून कापडाचे टेम्पो जातात. तुमच्या मापाचा लोकरीचा कोट घाला, मग कोण कॉलरला हात लावतं बघू.

(शेजारचे हिरामण दारात येतात. मूळचे भिवंडीजवळच्या वळ गावचे, तिथल्या शेतावर आता त्यांची गोदामं आहेत.)

हिरामण : टाकला बरं का मास्तर तुमचा कागद. रजिस्टर केला. ही घ्या पावती.

माई : कसला कागद, भावजी?

हिरामण : आता गं बया. वहिनींना ठावंच न्हाय? हॉलंडचा. सकाळी पोस्टाकडं चाललो व्हतो, मास्तरांनी हातात दिला.

माई : लिहिलंत? आणि मघापासून माझं ऐकून घेताय?

हिरामण : जावा वहिनी, खुशाल जावा. आमचा कुणाल दुबईला हाय. फोन करतो, पन ‘बाबा, ये’ असं एकदा पन म्हनला न्हाय. यांना पोरगा बोलावतोय, तर यांना जाकीट टोचतंय.

श्रीनाथ : तुम्हालाही माहीत आहे?

हिरामण : सगळ्या आळीला हाय. वहिनींनी सांगितलं तवा आमची कमळा पोट धरून हसली. मनाला लावून घेऊ नका, मास्तर. चला, तिकडं दापोडे गावात मालाची गाडी खाली व्हायचीय माझी.

माई : चहा तरी घ्या, भावजी.

हिरामण : नको, ड्रायवर खोळंबलाय.

श्रीनाथ : कमळावहिनींनाही सांगितलंस.

माई : बोलता बोलता निघालं. जाऊ द्या ते. येतो म्हणून लिहिलंत ना?

श्रीनाथ : तू येतेस, असं लिहिलं.

माई : आणि तुम्ही?

श्रीनाथ : मी इथेच. घर विकू नकोस, आईचं एकच तिकीट काढ, असं लिहिलंय.

माई : एका जॅकेटपायी?

श्रीनाथ : तिथे मला बोलायला वेळ लागतो, माई. तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरतं. कदाचित दोष माझाच असेल.

माई : आणि मला न विचारता पाठवून मोकळे झालात.

श्रीनाथ : विचारलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस.

माई : नसते थांबले. पण विचारायचं होतंत.