पाठीमागून मारलेली हाक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या श्रवणतपासनीस बाई, आणि समोर बसलेले आईबाप, आजीआजोबा व बाळगोपाळ हो,

मी इथल्या एका मुलीची आजी. शिक्षिका होते, त्यामुळे माइक हातात आला की सुटत नाही. सांभाळून घ्या.

आमची चिमणी वर्षाची असताना बाईंनी तिला श्रवणयंत्रं बसवली. अडीच वर्षांची झाली तरी बोलणं दोन-चार शब्दांपुढे सरकेना. तेव्हा बाईंनी कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव काढलं. कानाच्या आत ऑपरेशन करून बसवायचं यंत्र, आणि त्याचा काढता-घालता येणारा भाग बाहेर कानामागे. घरात दोन तट पडले. सून म्हणे, करून टाकू. मुलगा म्हणे, ती ऐकते, मी घरात शिरलो की वळून बघते, मग पोरीच्या डोक्याला सुरी का लावायची? माझं काय? आईने मुलाची बाजू घ्यावी की सुनेची, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. त्या खोलीतला तो निळा गालिचा, खिळखिळी छोटी खुर्ची आठवते ना सगळ्यांना? तिथे चिमणी ठोकळे रचत बसली होती. बाईंनी माझ्या मुलाला बूट काढून तिच्या मागे उभं राहायला सांगितलं आणि म्हणाल्या, नेहमीसारखी हाक मारा.

त्याने हाक मारली. ती ठोकळे रचत राहिली. त्याने पुन्हा मारली, मग जरा मोठ्याने. शेवटी त्याने गालिच्याबाहेर लाकडी जमिनीवर पाय आपटला. ती लगेच वळली आणि हसली.

माझा मुलगा गॅरेजमध्ये मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. तो तिच्या मागेच गालिच्यावर बसला. बाई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"जमिनीच्या हादऱ्यातून तिला तुमची चाहूल लागते, हे खरंच आहे. पण हाक पोचत नाही."

"म्हणजे ऑपरेशन कराच, असं ना?"

"पूर्ण विचार करून तुम्ही ठरवा. ज्या कानाचं ऑपरेशन होईल, त्यात आज जे थोडं ऐकू येतं, तेही जाऊ शकतं. बाहेरचं यंत्र काढलं की त्या बाजूला शांतता. फक्त फार वेळ लावू नका, भाषा शिकायचं वय थांबत नाही."

परतताना तो मला एवढंच म्हणाला, "आई, ती माझ्या छातीवर डोकं ठेवून माझं गुणगुणणं ऐकते. तेच गेलं तर?" ही भीती मी सुनेच्या कानावर घातली, तिने त्याच्या वतीने बाईंना सांगितली, आणि तिथूनच वाट निघाली. ज्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्यात इम्प्लांट. दुसऱ्या कानाला जुनं यंत्र तसंच.

यंत्र सुरू झालं त्या दिवशी पोर हसेल म्हणून आम्ही सगळे नटूनथटून आलो होतो. तिने भोकाड पसरलं आणि कानामागचं यंत्र सोफ्याखाली भिरकावलं. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "रडली, म्हणजे ऐकलं."

पुढचे महिने नुसती मेहनत. कान नवा, त्याला एकेका आवाजाची ओळख करून द्यायची. हा नळ, हा चमचा, ही झिप. सून बोलून बोलून थकायची, मग मी लागायचे. माझी तर आयुष्यभराची सवय!

एका दुपारी मी भांडी घासत होते. चिमणीने येऊन माझा पदर ओढला. "आजी, कोण रडतं?"

मी म्हटलं, कुणी नाही गं. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. मी नळ बंद केला, कान दिला, तेव्हा कुठे मला ऐकू आलं. शेजारच्या घरी नुकतंच बाळ आलं होतं. ते रडत होतं.

मी गॅरेजला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मग मुलाने विचारलं, "कुठल्या खोलीतून ऐकलं तिने?" मी सांगितलं, स्वयंपाकघरातून. "नळ चालू असताना?" हो रे बाबा, चालू असताना. तो म्हणाला, "आई, पुन्हा एकदा सांग."

बाई, मी पुन्हा सांगितलं. आज इथे तिसऱ्यांदा सांगतेय. आम्हा सगळ्या घरांच्या वतीने तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर या म्हातारीला मोठ्या मनाने माफ करा.