आतून लागणारी कडी

मंडळी, रामराम. एवढ्या उन्हाचे आलात, बाया बी आल्या, भलं केलंत. मला बोलायला कुणी सांगितलं न्हाई. शोकसभेत बाईनं उभं राहायची आपल्याकडं रीत न्हाई. पर गिरजा माझी भावजय व्हती, आन् मगापासून तुमचं ऐकून मला बसवंना. म्हणून उभी राह्यले.

हां. मगाशी तिघं-चौघं बोलले. गिरजाबाई केवढी भाविक, म्हणले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. पाणीसुद्धा घोटभरच प्यायची, म्हणले. तिच्या उपासांची आठवण म्हणून माझा दादा, तिचा मालक, देवळाला पायरी देणार हाय. दगड आलाय. तो बघा, बाहेर गाडीत हाय.

मंडळी, ते उपास देवासाठी नव्हते.

कुजबुज नंतर करा. आधी ऐकून घ्या. आपल्या आळीमागं निवडुंगाचं बन व्हतं. बाया तिथं परसाकडं जायच्या. काय झालं? खाली का बघून राह्यले? परसाकडं म्हणले मी. तुम्ही जात न्हाई का? चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालेल्या गाड्या सोडायला जागा पाहिजे, म्हणून गावानं ते बन तोडलं. गाडीतळ केला. केला तर केला. पर बाया आता कुठं जातील, हे एका तरी बाप्यानं इचारलं? बिलकुल न्हाई! तवापासून आमचं जाणं उजाडायच्या आत, न्हाईतर दिवस बुडाल्यावर. मधी कळ आली तर दाबून धरायची. किती दाबायची? पोट हाय का पोतं, तोंड बांधून ठेवायला?

मंग गिरजावैनीनं काय केलं? आधी सकाळची न्याहारी सोडली. मंग दुपारची भाकर अर्ध्यावर आणली. मंग पाणी तोडलं. घरात इचारायला लागले, का गं जेवत न्हाईस? ती म्हणली, उपास हाय. उपास म्हणलं की कुणी पुढं इचारत न्हाई. उलट पाया पडतात.

आन् त्या पोटानं तिचं काय केलं? पोट तट्ट फुगायचं. तोंड यायचं. कपाळ ठणकायचं. डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. मंग ती चिडायची, पोरांवर वसवस करायची, एकटीच रडत बसायची. तवा आपण काय म्हणलो? कजाग म्हणलो. कुणी म्हणलं बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवा. लिंबू! मी बी म्हणलेय, वैनीची जीभ लई तिखट. माझ्या तोंडात माती पडो.

मी जालन्याला बायांच्या दवाखान्यात आया हाय, तुम्हाला म्हाईतच हाय. तिथंच मस्तगडला खोली हाय माझी. मागल्या साली वैनीला आठ दिवस माझ्याकडं नेल्तं. खोलीमागं खड्ड्याचा संडास हाय. पत्र्याचं दार, आतून कडी. पहिल्या दिवशी तिनं ती कडी तीनदा लावून बघितली. मला म्हणती, "कौसा, इथं कवा बी जाता येतं?" मी म्हणले, कवा बी. "दुपारी?" दुपारी बी. "आन् कुणी आलं तर?" आलं तर थांबंल की बाहेर.

मंडळी, ती हसली. तिसऱ्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या तिनं, वरण मागून घेतलं. तांब्याभर पाणी गटागटा प्यायली. चौथ्या दिवशी भर दुपारी घोरत पडली. जायच्या दिवशी लुगडं वाळू घालता घालता गाणं म्हणून राह्यली व्हती. बन तुटल्यापासून पंधरा वर्षांत मी तिचा गळा ऐकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी चूर्णाची पुडी दिल्ती, ती तशीच फळीवर राह्यली. बाई म्हणल्या, "हिच्या डोक्यात काही बिघाड न्हाई. आतडं रोज दुखत राह्यलं तर मन थाऱ्यावर कसं राहील? हिला खाऊ द्या, पाणी पिऊ द्या, आन् वेळेला जाऊ द्या." बराबर हेच बोलल्या. मी तसंच्या तसं दादाला सांगितलं. म्हणले, दादा, घरामागं खड्डा घे आन् चार पत्रे लाव. दादा म्हणला, "घराला संडास? घर बाटवू का? लोकं हसतील."

हसले असते, दादा. चार दिवस हसले असते आन् गप बसले असते.

या खेपेला गाडीत घालून दवाखान्यात आणली तवा पोट दगडावानी झाल्तं. डॉक्टरीणबाईंनी हात लावला आन् माझ्याकडं बघितलं. आतडं बंद पडल्तं, लई उशीर झाल्ता. तिचे ओठ सुकले म्हणून मी चमच्यानं पाणी लावायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं. मला इचारती, "कौसा, अजून उजेड हाय का?"

आता कळलं का, कसले उपास व्हते ते?

आन् काल काय झालं? पारू, तिची सून, सगळ्यांपुढं म्हणली, सासूबाईंचे उपास मी चालवते. तुम्ही सगळ्यांनी तिला गुणाची म्हणलं. डोक्यावरनं हात फिरवला! पारू, वर बघ. तुझं लग्न होऊन सहा महिने झाले. तुझं तोंड आलंय, ते मी काल जेवताना बघितलं. अर्धी भाकर तू ताटाखाली सरकवली, ते बी बघितलं. तुला कोणता देव पावायचाय, ते मला म्हाईत हाय, बाई.

दादा, तुझ्या डोळ्याला पाणी हाय, ते मला दिसतंय. तू वैनीला कधी मारलं न्हाईस, कधी टाकून बोलला न्हाईस. पर तो दगड देवळात जाणार न्हाई. तो आपल्या घरामागं खड्ड्यावर बसंल. त्याच्या भवती भिंत होईल, भिंतीला दार होईल, आन् दाराला आतून कडी. वैनीचं नाव कोरायचं तर त्या दारावर कोरा. मला लाज न्हाई वाटायची.

मंडळी, आता सगळे उभे राहा. वैनीसाठी गप उभं राहू. किती वेळ ते मी सांगत न्हाई. दादा 'हो' म्हणंल तवर.