पुलाच्या दगडामागची तीन नावे

नाव: अपोलोनिया त्शास्का, हिरोनिम त्शास्का यांची विधवा. वय: ४१ वर्षे. धंदा: थडग्यांचे दगड घडवणे. राहणार: दफनभूमीच्या फाटकासमोर, व्येझ्बिन. सप्टेंबर १९४९.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात हजर होऊन, हवालदार झेनोन कुल्पा यांच्यासमोर सांगते, की

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. दगडाचे काम माझ्या वडिलांचे. खाणीत सुरुंग लावून दगड काढणे मी लग्नाआधीपासून करते. पती हिरोनिम हे लग्नानंतर या धंद्यात आले. गावात दगडावर अक्षर कोरणारे आज माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही.

या उन्हाळ्यात नगर समितीने रेल्वेच्या पुलाजवळ उभा करायला एक दगड माझ्याकडून करून घेतला. जर्मनांच्या अमलात, १९४४ च्या वसंतात, तो पूल दारूगोळ्याच्या गाडीसकट उडवला गेला होता. ते काम जन-सेनेच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या सेनेच्या, वीरांनी केले, असा मजकूर समितीने दिला. व्येझ्बिनमध्ये त्या वर्षी जन-सेनेचे कोणी नव्हते. पूल उडवला तो भूमिगत सेनेच्या लोकांनी. ही सेना युद्धात लंडनला गेलेल्या आपल्या पोलिश सरकारला मानणारी होती. माझे पती तिच्यात होते.

मी समितीचे अध्यक्ष फाबियान म्रोचेक यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुमचा नवरा लंडनवाल्यांचा होता." मी म्हटले, "पूल तर इथलाच होता ना?" ते म्हणाले, "जिल्ह्याला विचारा." जिल्ह्याच्या कचेरीत सांगितले, समितीला विचारा. परत आले तर म्रोचेक म्हणाले, "पुन्हा तुम्हीच? दगड करायचाय की लुब्लिनहून माणूस मागवू?" मी म्हटले, करते.

युद्धात म्रोचेक स्वतः कुठे होते तेही मी आत्ता सांगितले. ते या प्रकरणात येत नाही म्हणून लिहून घेणार नाही, असे हवालदार म्हणाले.

दगडाच्या पुढच्या बाजूला मी समितीचा मजकूर कोरला. एक अक्षर बदलले नाही. मागच्या, नदीकडच्या बाजूला तीन नावे कोरली: हिरोनिम त्शास्का, लुदोमीर सेंक, सिप्रियान वोलाक. लुदोमीर आमच्या शाळेचे मास्तर. सिप्रियान रुळांची पाहणी करणारा रेल्वेचा माणूस. तिघांपैकी एकाचेही थडगे नाही. आख्ख्या गावाची थडगी मी करते, म्हणून हे सांगते.

अनावरणाच्या दिवशी वारा फार होता. जिल्ह्याहून आलेले पाहुणे सिगारेट पेटवायला दगडाच्या आडोशाला गेले. त्यांनी नावे वाचली. दुसऱ्या दिवशी समितीने त्यांवर सिमेंट थापले. थापणाऱ्याला काम येत नाही. पहिल्या कडक थंडीत ते गळून पडेल. मी पाडले असे तेव्हा म्हणू नये.

एवढ्यावर मी आले नसते. पण परवा सुरक्षा खात्याची माणसे सिप्रियानचे मोठे भाऊ आंब्रोझी वोलाक यांना घरून घेऊन गेली. ते मधमाश्यांच्या पोळ्यांना धूर देत होते, हातातले धुराचे डबडेही खाली ठेवू दिले नाही. पुलावर चौघे होते, दगडावर तीन नावे आहेत, तर चौथा माणूस हाच, आणि नावे कोरायला यानेच लावले, असे त्यांचे म्हणणे. आंब्रोझीकाका या भिंतीपलीकडे बाकावर बसले आहेत. त्यांचा खोकला मला इथे ऐकू येतो. ते पुलावर नव्हते. त्यांना पूल उडाल्याचे गावाबरोबरच कळले.

चौथा माणूस पुरुष नव्हता. चौथी मी.

यावर हवालदारांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "ताई, कोणाला वाचवताय? म्हाताऱ्याशी तुमचं काय नातं?"

मी म्हटले, "काही नाही. मध घेते त्यांच्याकडून."

"मग खरा कोण होता तो सांगा आणि घरी जा."

"मीच सांगते आहे ना मघापासून. बाईचं नाव लिहायला तुमच्या कागदावर जागा नाही का?"

"सुरुंग तुम्ही लावला? तुम्ही?"

"मग काय लुदोमीर मास्तरांनी? त्यांना चूल पेटवायला दोनदा फुंकावं लागायचं."

हवालदारांनी मग सविस्तर सांगण्यास सांगितले. सांगते.

स्फोटके आमच्या सेनेसाठी विमानातून टाकलेली होती. ती आमच्या अंगणात, पोकळ केलेल्या थडग्याच्या दगडात होती. पुलाकडे नेताना आमची दगडांची गाडी एका जर्मन शिपायाने अडवली. दगडावर नाव का नाही, असे त्याने विचारले. हिरोनिम म्हणाले, "साहेब, हल्ली आधी दगड करून ठेवतो. गिऱ्हाईक येतंच." तो हसला आणि त्याने जाऊ दिले. हिरोनिम पुढे बराच वेळ हसत होते. मी त्यांना गप्प बसा म्हटले.

पहाटे सुरुंग मी बसवला. तार आणि सुरुंग उडवायची मुठीची पेटी घेऊन नदीकाठच्या विलोच्या झुडपात बसले. सिप्रियान रुळावर गाडीची वाट बघत होता. काम झाल्यावर तिघांनी माझ्याकडे यायचे ठरले होते. पण गस्त वेळेआधी आली. तिला तार सापडू नये म्हणून हिरोनिम आणि मास्तर पुलाच्या तोंडाशीच थांबले आणि गोळ्या झाडू लागले. गाडी पुलावर चढली. हिरोनिम ओरडले, "पोला, फिरव!" मला घरात पोला म्हणत.

मी मूठ फिरवली.

त्यापुढचे हवालदारांनी विचारले नाही. मीही सांगत नाही.

मी पाण्यातून पलीकडे गेले. सिप्रियान त्याच दिवशी धरला गेला आणि तुरुंगात मेला. त्याने कोणाचे नाव घेतले नाही. मी आज इथे बसले आहे, यावरून ते दिसतेच. त्याच्याच भावाला त्याच पुलापायी आपल्याच लोकांनी धरावे, याला काय म्हणायचे ते मला कळत नाही.

त्या काळी सेनेत आणखी कोण होते, हे मी सांगणार नाही. पुन्हा विचारू नये.

आंब्रोझी वोलाक बाहेर पडल्याशिवाय सही करणार नाही, असे मी म्हटले. हवालदार वरिष्ठांच्या खोलीत गेले. आत बराच वेळ आवाज चढलेले होते. परत येऊन ते म्हणाले, "सोडलं. आता तुम्हाला थांबावं लागेल." मी म्हटले, "त्यासाठीच गरम कपडे घालून आले." खिडकीतून काकांना फाटकाबाहेर जाताना मी स्वतः पाहिले. ते दोनदा मागे वळले. मी हाताने जा म्हटले.

हवालदारांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "पतीस मदत केली" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. मदत नव्हे. पूल मी उडवला. ही दुरुस्ती झाल्यावर जबाब माझ्या बोलण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: अपोलोनिया त्शास्का